नागपूरच्या घरात चिंचिला: थंडावा, उड्या आणि कुरतडायला भरपूर काम

चिंचिला हा दाट फरीचा, कुरतडणारा छोटा प्राणी, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. चिलीच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर कपारीत राहायचं, दिवसा झोपायचं आणि अंधार पडला की कळपाने बाहेर पडायचं, ही त्याची मूळची रीत. १९२३ साली अमेरिकन खाण अभियंता मथायस चॅपमन यांनी ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेले आणि तिथून त्यांची पैदास पसरत गेली. शंभर वर्षं पिंजऱ्यात काढली, तरी अंगावरची दाट फर आणि पायातली उडी डोंगरातलीच राहिली आहे.

असा प्राणी नागपुरात ठेवायचा, तर मार्चपासून पाऊस लागेपर्यंत तो एका एसी खोलीत बंद राहणार, हे आधीच मान्य करावं लागतं. गॅलरी नाही, अंगण नाही, हॉलमधली वर्दळ नाही. वर्षातले चार महिने पिंजरा आणि त्याभोवतीची दहा बाय बाराची खोली एवढंच त्याचं जग. मे महिन्यात गज चावत बसणारा किंवा स्वतःची फर कुरतडणारा चिंचिला स्वभावाने वाईट नसतो. त्याला उकडत असतं, नाहीतर करायला काही नसतं, आणि बरेचदा दोन्ही. त्यामुळे खेळण्यांच्या आधी थंडाव्याचं बोलू.

आधी तापमान, मग बाकी सगळं

चिंचिलाच्या एकेका केसमुळातून पन्नासहून जास्त केस निघतात. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो. १५ ते २१ अंश सेल्सियसमध्ये तो मजेत असतो, २४ पर्यंत निभावून नेतो, आणि २६ च्या वर उष्माघाताची भीती सुरू होते. नागपूरचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सौम्य गेला, तरी बंद खोलीतलं तापमान सहज ३५ च्या वर असतं.

इथे बहुतेक घरांची गाडी कूलरवर अडते. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर माणसाला स्वर्ग वाटतो, चिंचिलाला नाही. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, म्हणजे खोलीत ओलावा सोडतो. पारा उतरून २८-३० वर येतो, जो चिंचिलासाठी अजूनही जास्तच, आणि वर हवा दमट होते. दमट हवेत फर चिकटते, आतून सुकत नाही आणि त्वचेवर बुरशी धरते. पंख्याचाही फारसा उपयोग नाही, कारण ज्याला घाम येत नाही त्याला वारा थंड करत नाही. म्हणून एसीला पर्याय नाही. एसी परवडत नसेल, तर चिंचिला आणू नये. हे सांगायला कठोर वाटतं, पण पहिल्याच उन्हाळ्यात ते खरं ठरतं.

व्यवस्था अशी करा:

१. खोली शक्यतो पूर्वेची किंवा उत्तरेची निवडा. पश्चिमेची भिंत आणि गच्चीखालचा वरचा मजला टाळा.

२. पिंजऱ्याच्या मधल्या फळीच्या उंचीवर तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मीटर लावा. एसीच्या रिमोटवरचा आकडा हा पिंजऱ्यातला आकडा नसतो, दोन्हीत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो.

३. पिंजऱ्यात २० ते २२ अंश आणि ३० ते ५० टक्के आर्द्रता राहील असा एसी लावा. थंड झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नका.

४. पिंजऱ्यात ३० बाय ३० से.मी.चा ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा. फरशीच्या दुकानात कापून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. कडा घासून बोथट करून घ्या आणि वर केमिकलचा थर नाही ना, ते बघा. चिंचिला आपणहून त्यावर पोट टेकून पसरतो.

५. लाइट गेली तर काय करायचं, ते एप्रिलमध्येच ठरवा. घरचा साधा इन्व्हर्टर पंखा-दिवे चालवतो, एसी नाही. एखाद्या दुपारी दोन वाजता, चिंचिलाला दुसऱ्या थंड खोलीत ठेवून, या खोलीतला एसी बंद करा आणि दर दहा मिनिटांनी मीटरचा आकडा लिहून ठेवा. २५ गाठायला किती मिनिटं लागली, तेवढाच वेळ तुमच्या हातात आहे. त्या वेळात कुठे जायचं, जनरेटर असलेल्या कोणाच्या घरी जायचं, तेही ठरलेलं असू द्या.

६. फ्रीझरमध्ये एक लिटरच्या चार बाटल्या कायम गोठवून ठेवा. गरज पडली की थाळीत उभ्या करून पिंजऱ्याच्या बाहेरून जाळीला टेकवा. आत ठेवल्या तर तो प्लास्टिक कुरतडतो आणि बाटलीवरून गळणाऱ्या पाण्याने फर भिजते.

कान लालबुंद दिसले, तो कुशीवर सैल पडून राहिला, तोंड उघडून श्वास घेऊ लागला किंवा लाळ गळू लागली, तर तो उष्माघात आहे. लगेच थंड खोलीत न्या, साध्या गार पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं कानांना लावा आणि डॉक्टरकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. अचानक इतक्या थंडीने शरीराला धक्का बसतो आणि भिजलेली फर तासन्‌तास सुकत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास आला की घरातले लोक पिंजऱ्यावर ब्लँकेट टाकायला धावतात. त्याची गरज नसते. खिडकीतून येणारा थेट झोत तेवढा अडवा. नागपूरची थंडी म्हणजे चिंचिलाची सुट्टी.

पिंजरा: उंची आणि पडण्याचं अंतर

एका किंवा दोन चिंचिलांसाठी ९० से.मी. रुंद, ६० से.मी. खोल आणि १२० से.मी. उंच, याहून लहान पिंजरा नको. पोपटाचा किंवा सशाचा पिंजरा चालत नाही, कारण त्यात उडी मारायला जागाच नसते. गजांमधलं अंतर अडीच से.मी.पेक्षा कमी हवं, पिल्लं असतील तर सव्वा से.मी. जाळीचा तळ असेल तर तो झाकून टाका. सतत तारेवर बसल्याने तळपायाला जखमा होतात आणि त्या चिघळतात.

आता मांडणी, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. दुकानातून आलेल्या पिंजऱ्यात प्लास्टिकच्या दोन फळ्या आणि एक शिडी असते. दोन्ही काढून टाका. प्लास्टिक तो चावून गिळतो आणि आतडं तुंबतं. शिडीच्या फटीत पाय अडकून मोडतो. त्यांच्या जागी लाकडी फळ्या लावायच्या.

लाकूड लकडगंजच्या बाजारात मिळतं, पण काय मागायचं ते माहीत हवं. भट्टीत वाळवलेलं, रंग-पॉलिश नसलेलं पाइन घ्या. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नको, त्यात गोंद असतो आणि ते तो खाणार. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन घेणार असाल, तर त्यावरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते हातही लावू नये असं. एचटी शिक्का असूनही लाकडावर तेल किंवा रंगाचे डाग असतील, तर ते सोडून द्या.

फळी लावण्याची रीत:

१. २ से.मी. जाडीची फळी घ्या. १५ ते २० से.मी. रुंदी आणि ३० ते ४५ से.मी. लांबी पुरते. एक-दोन फळ्या कोपऱ्यासाठी त्रिकोणी कापून घ्या.

२. कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने घासा. रंग, वॉर्निश, फेव्हिकॉल काहीही नको.

३. जाळीला टेकणाऱ्या कडेत दोन भोकं पाडा. भोक बोल्टपेक्षा किंचित बारीक हवं, नाहीतर फळी चिरते.

४. एका बाजूला लाकडाचे आणि दुसऱ्या बाजूला नटाचे आटे असलेला हँगर बोल्ट त्यात पिळून बसवा. हार्डवेअरवाल्याला नाव कळलं नाही, तर हे वर्णन सांगा.

५. बोल्टचं टोक गजांच्या फटीतून बाहेर काढा, मोठा वॉशर घाला आणि बाहेरून विंग नट आवळा. लोखंडाचं काहीही आतल्या बाजूला उघडं राहता कामा नये. शिवाय नट बाहेर असला की पान्याशिवाय, हाताने फळी काढता येते. पुढे जागा बदलायच्या आहेत, तेव्हा याचं मोल कळेल.

फळ्या एकाखाली एक लावू नका, जिन्यासारख्या आलटून-पालटून लावा. दोन फळ्यांच्या उंचीत १५ ते २५ से.मी. फरक ठेवा. निरोगी चिंचिला दीड मीटरपर्यंत उंच उडी मारू शकतो, म्हणून लोकांना वाटतं की फळ्या लांब असल्या तरी चालेल. वर चढताना चालतं. पण रात्री एका आवाजाने दचकून तो आंधळेपणाने खाली झेप घेतो, तेव्हा पाय मोडतो. सर्वांत वरच्या फळीवर उभं राहून खाली बघितल्याची कल्पना करा. कुठूनही सरळ ५० ते ६० से.मी.पेक्षा जास्त पडायला जागा असेल, तर मध्ये अजून एक फळी हवी. १२० से.मी.च्या पिंजऱ्यात सहा-सात फळ्या बसतात आणि तेवढ्या लागतातही.

लपायला कुंभाराकडचं मडकं उत्तम. तोंड १२-१३ से.मी. रुंद, आतून-बाहेरून साधं, न रंगवलेलं, चकाकी न दिलेलं. आडवं ठेवून दोन्ही बाजूंना लाकडाची खुंटी लावा, म्हणजे गडगडणार नाही. त्याची माती गार राहते, म्हणून उन्हाळ्यात तो दिवसभर त्यातच झोपतो. दोन चिंचिला असतील तर दोन मडकी. एकात दोघं मावत असले, तरी भांडणानंतर प्रत्येकाला आपली जागा लागते.

कुरतडायला काय द्यावं

चिंचिलाचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, वर्षाला साधारण ५ ते ७ से.मी. त्यांचा नारिंगी-पिवळा रंग निरोगीपणाची खूण आहे. पांढरे पडले तर काळजी करा. कुरतडणं त्याला खाण्याइतकंच लागतं. प्रश्न फक्त कशाला दात लावायचा याचा.

नागपुरात पहिलं लाकूड डोळ्यांसमोर येतं ते संत्र्याचं. छाटणीच्या वेळी बागांमधून गाडीभर फांद्या निघतात. त्या देऊ नका. संत्रा, मोसंबी, लिंबू या सगळ्या लिंबूवर्गीय झाडांचं लाकूड चिंचिलासाठी टाळायच्या यादीत आहे, आणि बागांवर फवारण्याही होतात. आंबा, चेरी, जर्दाळू, देवदार नको. सागवान तेलकट असतं, तेही नको. बांबूच्या चिरफळ्या सुरीसारख्या धारदार निघतात आणि हिरड्यांत घुसतात.

मग उरलं काय? तुती. आणि ती विदर्भात मिळते, कारण इथे रेशीम शेती होते. राज्याचं रेशीम संचालनालयही नागपुरातच आहे. रेशीम किड्यांना पोसायची तुती असली की शेतकरी त्यावर कीटकनाशक सहसा मारत नाही, मारलं तर त्याचेच किडे मरतील. तरी घेताना 'गेल्या महिन्यात काही फवारलं का' एवढं विचारून घ्या. सफरचंदाच्या वाळलेल्या काड्या ऑनलाइन मिळतात, त्याही चांगल्या.

तुतीची काडी अशी तयार होते. अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या १०-१५ से.मी. लांब कापा. पानं काढा, साल राहू द्या, ती सोलण्यातच त्याचा अर्धा तास जातो. ब्रशने घासून धुवा, साबण नको. मोठ्या पातेल्यात अर्धा तास उकळा. मग जाळीवर पसरून उन्हात दोन-तीन आठवडे वाळवा. नागपूरच्या उन्हाचा चिंचिलाला होणारा एवढा एकच फायदा. दोन काड्या एकमेकींवर आपटल्या की टणक 'टक्' आवाज यायला हवा. धप्प आवाज आला, तर आत ओल आहे. ओली काडी डब्यात भरली की आठवड्यात बुरशी येते.

दुसरं स्वदेशी खेळणं म्हणजे वाळलेलं घोसाळं. वेलीवर पूर्ण सुकलेल्या घोसाळ्याची साल काढून, बिया झटकून आतली जाळी घ्या आणि तीन-चार से.मी.च्या चकत्या कापा. अंग घासायला विकतात ती जाळी रंगवलेली किंवा सुवासिक नसेल तरच वापरा. नारळाची करवंटी खोबरं पूर्ण खरवडून, धुऊन, वाळवून देता येते. खोबऱ्याचा कण राहिला, तर ते तेल त्याच्या पोटाला सोसत नाही.

सगळं एकदम देऊ नका. दहा वस्तू असतील तर तीन पिंजऱ्यात, सात डब्यात. दर चार-पाच दिवसांनी दोन बदला. महिन्याभराने परत आलेली जुनी काडी त्याला नवीच असते. फळ्यांचंही तेच, दीड-दोन महिन्यांनी दोन फळ्यांची जागा हलवा. पण मडकं आणि खाण्याची जागा हलवू नका. घर ओळखीचं, रस्ते नवे, अशी मांडणी त्याला मानवते. सगळंच बदललं, तर तो दोन दिवस कोपऱ्यात बसून राहतो.

खाणं शोधून खाऊ द्या

आहाराचा पाया वाळलेलं गवत. टिमोथी गवत २४ तास समोर हवं, मोजमाप नाही. ते नागपुरात ऑनलाइनच मागवावं लागतं. पावसाळ्यात पार्सल भिजून येण्याची शक्यता असते, म्हणून मे अखेरीस दोन महिन्यांचं घेऊन ठेवा आणि कोरड्या पिंपात भरा. कुबट वास आलेलं गवत फेकून द्या. तणस किंवा कडबा हा पर्याय नाही. तणसात पोषण नाही आणि धूळ फार, कडबा दांड्याला कडक. लसूणघास म्हणजे लुसर्नमध्ये कॅल्शियम जास्त असतं. ते वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला, मोठ्यांना कधीतरी चिमूटभर.

चिंचिलासाठीच्या साध्या गोळ्या दिवसाला एक ते दोन मोठे चमचे. दाणे, बिया, रंगीत तुकडे मिसळलेलं पाकीट घेऊ नका. तो गोड तेवढं वेचून खातो, बाकी टाकून देतो. बेदाणा, काजू, शेंगदाणा, चणा, बिस्किट, फळ, पत्ताकोबी, आणि आग्रहाने भरवली जाणारी संत्र्याची फोड, यातलं काही नको. चिंचिलाला उलटी करता येत नाही. पोटात वायू धरला, तर तो तिथेच अडकतो.

खाऊ म्हणून फवारणी नसलेल्या गुलाबाच्या सुकवलेल्या दोन-तीन पाकळ्या किंवा एक जास्वंद, आठवड्यातून दोनदा.

आता हे सगळं वाटीत ओतून दिलं की दहा मिनिटांत काम संपतं आणि उरलेली रात्र रिकामी जाते. म्हणून:

गवत तीन ठिकाणी लावा, तीन वेगळ्या उंचींवर. एक जुडी फळीवर सैल ठेवा, एक गजांतून आत खोचा, एक घोसाळ्याच्या जाळीत ठासून भरा.

गोळ्यांमधल्या सात-आठ बाजूला काढा आणि टिश्यू पेपरच्या रोलच्या पुठ्ठ्यात घालून दोन्ही टोकं गवताने बुजवा. पुठ्ठ्यावर छपाई नको, गोंदाची चिकट कड कापून टाका. पहिल्या दिवशी एक टोक उघडं ठेवा. आत खाणं आहे हे कळलं, की दुसऱ्या दिवसापासून दोन्ही बंद. तो पुठ्ठा फाडतो ते बघण्यासारखं असतं. आधी मिशा लावून वास घेतो, मग पुढच्या दोन्ही पायांत धरून उभा राहतो आणि एका कडेने पट्ट्या काढत जातो. पुठ्ठा गिळताना दिसला, तर हा खेळ त्याच्यासाठी नाही.

राहिलेल्या गोळ्या रोज वेगवेगळ्या फळ्यांवर दोन-दोन ठेवा. मांडायला तुमचं एक मिनिट, शोधायला त्याची अर्धी रात्र.

पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं, धातूच्या नळीच्या काचेच्या बाटलीत. दोन बाटल्या लावा. नळीतली गोळी अडकली तर एका रात्रीत तो कोरडा पडतो, आणि हे रोज बोट लावून तपासल्याशिवाय कळत नाही.

चाक आणि धुळीची अंघोळ

चाक हवं, पण योग्य. व्यास कमीत कमी ३८ से.मी., धावायचा भाग सपाट आणि बंद, मध्ये आडवी दांडी नसलेलं, शक्यतो धातूचं. लहान चाकात पाठ कमानीसारखी वाकते. तारेच्या चाकात पाय आणि शेपटी अडकते. पारदर्शक प्लास्टिकचा चेंडू मिळतो, ज्यात प्राण्याला घालून घरभर सोडतात. तो घेऊच नका. आत वारा खेळत नाही, आणि काही मिनिटांत उष्माघात होऊ शकतो.

धुळीची अंघोळ ही स्वच्छताही आणि करमणूकही. पाण्याने अंघोळ कधीच घालायची नाही. धूळ म्हणजे चिंचिलासाठी विकली जाणारी खास बारीक पूड, ज्वालामुखी राखेच्या जातीची. बोटांत चोळली तर मैद्यासारखी लागायला हवी. खरखरीत लागली तर ती वाळू आहे. रांगोळी, बांधकामाची रेती, टाल्कम पावडर, पूजेची विभूती यातलं काहीही चालत नाही. रांगोळीचे कण टोकदार असतात, डोळ्यांना आणि फुफ्फुसांना इजा करतात. सुगंध मिसळलेली मुलतानी मातीही नको.

जड बुडाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या रुंद भांड्यात २-३ से.मी. थर घाला. संध्याकाळी तो जागा झाला की १० ते १५ मिनिटं ठेवा आणि काढून घ्या. काढलं नाही, तर तो त्यातच शौचाला बसतो, आणि सतत लोळल्याने त्वचा कोरडी होऊन डोळे लाल होतात. उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. जुलै ते सप्टेंबर, आर्द्रता वाढलेली असताना, एक दिवसाआड किंवा रोज. पावसाळ्यात एसी 'ड्राय' मोडवर चालवा आणि धुळीचा डबा घट्ट झाकणाचा ठेवा. ओल धरलेल्या धुळीच्या गाठी होतात, त्या केसांत अडकतात.

बंद खोलीत वर्दळ आणायची

एसीच्या खोलीत दार लावून ठेवलेला चिंचिला एकटा पडतो. कळपातल्या प्राण्याला आसपास कोणी आहे, एवढंच कळलं तरी पुरतं. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान घरातल्या कोणीतरी त्या खोलीत बसून अभ्यास करावा, फोनवर बोलावं, भाजी निवडावी. मुलांना दुपारी त्याला उठवायची हौस असते, ती मोडून काढा. दिवसा झोपमोड झाली, की रात्री तो चिडचिडतो.

खोलीत अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल किंवा लिक्विडचं मशीन नको, कारण खिडक्या बंद असल्याने धूर तिथेच राहतो. खिडकीला जाळी लावा आणि बाहेर गार असेल तेव्हाच पहाटे अर्धा तास खिडक्या उघडा. इतवारी-महालात राहणाऱ्यांनी मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, आणि सगळ्यांनीच दिवाळीत, पिंजरा रस्त्याकडच्या खोलीतून आतल्या खोलीत हलवावा. चिंचिलाचे कान मोठे आहेत ते उगाच नाही.

नवीन आणलेल्या चिंचिलाला पहिले दहा-बारा दिवस पिंजऱ्यातच राहू द्या. मग रोज संध्याकाळी ३० ते ४५ मिनिटं बाहेर सोडा, त्याच थंड खोलीत. आधी वायरी उचला, कपाटामागच्या फटी बुजवा, दाराला कडी लावा. तुम्ही जमिनीवर बसा आणि हात मांडीवर ठेवा. तो अंगावर चढेल, शर्टाचं बटण चावेल, मग निघून जाईल. पकडायला धावू नका. घट्ट धरलं तर तो फरचा पुंजका तुमच्या हातात सोडून सुटतो, तिथे टक्कल पडतं आणि केस पूर्ण यायला महिने लागतात. परत पिंजऱ्यात न्यायला धुळीचं भांडं पुढे करा. तो त्यात शिरला की भांड्यासकट उचला.

दुसरा चिंचिला आणायचा असेल, तर एकाच लिंगाचा आणा. दोन पिंजरे ८-१० से.मी. अंतरावर ठेवा. दोन-तीन आठवडे रोज धुळीचं भांडं एकाचं दुसऱ्याला द्या, म्हणजे वास ओळखीचा होतो. मग बाहेरच्या मोकळ्या जागेत भेट घडवा, कोणाच्याही पिंजऱ्यात नाही. थोडं हुंदडणं, अंगावर चढणं चालतं. फर उडू लागली किंवा रक्त दिसलं, तर वेगळं करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्याची भाषा

मजेत असला की तो भिंतीवर पाय मारून वळणदार उड्या घेतो आणि बारीक कुईकुई करतो. कुत्र्याच्या पिल्लासारखं भुंकला, तर त्याला कसली तरी भीती वाटते आहे. मादी मागच्या दोन पायांवर उभी राहिली की बाजूला व्हा, लघवीची पिचकारी अंगावर येते.

गज चावणं रोज ठरावीक वेळी होत असेल, तर तो बाहेर सोडायची वाट बघतो आहे. रात्रभर होत असेल, तर पिंजऱ्यात काम नाही. कुशीवरची फर आखूड, कापल्यासारखी दिसली, तर तो ती कुरतडतो आहे. आधी तापमानाचा मीटर बघा, मग गवताची प्रत, मग मांडणी. त्याच क्रमाने.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. मोठ्या चिंचिलाचं वजन साधारण ४०० ते ७०० ग्रॅम असतं. दहा टक्क्यांनी उतरलं, तर डॉक्टर. लेंड्या लहान, कमी किंवा बंद झाल्या आणि अर्धा दिवस त्याने गवताला तोंड लावलं नाही, तर उद्यावर ढकलू नका, आतडं थांबलं की प्रकृती तासातासाने बिघडते. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. चिंचिला बघणारे डॉक्टर तिथे किंवा शहरात कोण आहेत, याची चौकशी प्राणी घरी यायच्या आधी करून नंबर फोनमध्ये ठेवा. औषध लिहून घेताना एक गोष्ट आवर्जून बोला. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि क्लिंडामायसिन चिंचिलाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि जीवावर बेततं.

कागदपत्रांचंही आधीच बघा. २०२४ च्या नियमांनुसार साइटिस (संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या विदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विक्रेत्याकडून पक्कं बिल आणि पैदाशीचा दाखला घ्या, आणि सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात चौकशी करूनच पैसे द्या.

रोज रात्री झोपण्याआधी तीन मिनिटं पुरतात: मीटर बघणं, दोन्ही नळ्यांना बोट लावणं, फळ्यांवर गोळ्या लपवणं. फळ्या सकाळी कोरड्या ब्रशने झाडा. आठवड्यातून एकदा निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर अशा मिश्रणाने पुसून पूर्ण सुकवा. फिनाइल नको. लघवी मुरून काळी पडलेली फळी घासत बसू नका, नवी कापून आणा.